फळीवरचे तीन पेले

लोकांच्या सासवा सुनांना देवाला नेतात. माझ्या सासूनं मला दारूच्या दुकानात नेलं. आयुष्यात तेवढ्या एकदाच त्या जागेत माझा पाय पडला, आणि तोही भरदिवसा, डोक्यावरचा पदर नीट सावरून. हसायचं तर हसून घ्या, पण त्या दिवशी आम्हा दोघींना हसू येत नव्हतं.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. मलकापूरच्या शिवारात आमचा ऊस, विहीर आणि वस्तीवरचं घर. घरात दोन भाऊ, दोघंही पलटणीत. थोरले माझे दीर, धाकटे माझे मालक. दोघं एकाच पलटणीतून ब्रह्मदेशात गेले. माझे परत आले. दिरांची तार आली की ते बेपत्ता आहेत. बेपत्ता म्हणजे काय धरायचं, हे सरकारनं काही कळवलं नाही, तेव्हा आत्याबाईंनी आपल्या मनानं धरलं. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. "वाट चुकलाय. रानच तसलं हाय म्हणं. ईल हळूहळू," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. माझी थोरली जाऊही तेच म्हणायची. मालकांना विचारलं की त्यांचं एकच उत्तर, "मी तवा दवाखान्यात हुतो. मला ठाव न्हाई." असं म्हणून उठून जायचे.

आणि प्यायचे. पलटणीत जाण्याआधीही कधी सणावाराला घ्यायचे, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. आल्यापासून मात्र दर बाजारी, आणि पुढं बाजार नसला तरी. मारझोड कधी केली नाही, खोटं कशाला बोलू. पण एका बाजाराला आमच्या तीन वर्षांच्या मुलीला खांद्यावर बसवून घेऊन गेले आणि येताना तिला ओढ्याच्या काठी विसरून एकटेच घरी आले. मी विचारलं, पोरगी कुठं? तर माझ्याकडे बघतच राहिले. मी अनवाणी धावत सुटले. वाटेत एक धनगर तिला कडेवर घेऊन येताना भेटला. तिचा परकर कमरेपर्यंत भिजलेला होता. कमरेपर्यंत. ते ओलं कापड आज सांगतानाही माझ्या हाताला लागतं.

ही बातमी माझ्या माहेरी पोचायला वेळ लागला नाही. माझा थोरला भाऊ आला, ओसरीवर उभ्यानंच बोलला. पाणीसुद्धा घेतलं नाही. "पुढच्या मंगळवारी गाडी घेऊन येतो. तवर ह्याचा पेला फळीवरनं घरात आला तर ठीक. न्हाई तर बहीण आणि भाची घेऊन जातो, मग पुन्हा धाडायचं नाव काढू नका." दादा बोलला की बोलला. मला नवरा सोडायचा नव्हता. तो वाईट नव्हता हो. पण पोरीकडे बघितलं की दादाचंही पटायचं.

आता पेला फळीवरून यायचा म्हणजे काय, ते सांगते. ते दुकान आमच्या वस्तीपासून पाच-सहा मैलांवर, संस्थानी हद्दीतल्या एका गावात होतं. इंग्रजी हद्दीत घरच्या भट्ट्या कधीच्या बंद झाल्या होत्या, पण संस्थानात ही जुनी भट्टी टिकून होती. त्या दुकानदाराच्या पणज्याच्याही आधीपासूनची, म्हणतात. तिथं दुकानदार आपल्या भांड्यातून कुणाला दारू देत नसे, कारण कुणी प्यायलंच नसतं. त्याच्या हातची दारू चालायची, त्याचं भांडं चालायचं नाही. असली आपली सोवळी माणसं. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचा घरून आणलेला पेला तिथं भिंतीच्या फळीवर असायचा, आणि दुसऱ्याच्या पेल्याला कुणी तोंड लावायचं नाही. घरच्या बाईनं जाऊन आपल्या हातानं पेला उचलून आणला, की त्या माणसाला तिथं दारू बंद. मग दुकानदाराच्या पाया पडा नाहीतर गळा धरा, तो देणार नाही. तीच बाई पेला परत ठेवील तेव्हाच. ही रीत पाळली म्हणूनच ते दुकान इतक्या पिढ्या गावात नांदलं, असं सगळे मानायचे.

सोमवारी सकाळी आत्याबाई म्हणाल्या, "धाकले, चल. आपुन जाऊन आनू." मालक विहिरीवर मोट धरून होते. थोरल्या जावेपाशी पोरीला ठेवलं आणि आम्ही निघालो. आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस उभा आहे एवढं दिसायचं, चेहरा दिसायचा नाही. माझ्या दंडाला धरून चालायच्या, पण चाल माझ्यापेक्षा जोरात.

वाटेत त्यांनी त्या फळीचं आणखी सांगितलं. जित्या माणसाचा पेला फळीवर उताणा असतो. माणूस गेला की घरच्या पुरुषानं जाऊन तो पालथा घालायचा, मग तो कुणी हलवत नाही. सासऱ्यांचा पेला थोरल्या लेकानं असाच पालथा घातला होता. आणि दसऱ्याला भट्टीच्या पहिल्या धारेचा एकेक थेंब फळीवरच्या सगळ्या उताण्या पेल्यांत घालतात, माणूस हजर असो नसो. "माज्या थोरल्याच्या पेल्यातबी घालत आसतील," आत्याबाई म्हणाल्या. दारूचा थेंब, पण त्या असं बोलल्या जसं काही लेकाला कुणी जेवायला वाढलंय.

मला मात्र एकच घोर लागला होता. पेला मिळेल ना? दुकानदारानं काही खोडा घातला तर उद्या दादा येणार, आणि त्याच्यापुढं मी काय दाखवणार?

दुकान दगडी, बसकं, कौलारू. पुढचं दार बंद होतं, ते दुपारनंतर उघडायचं. बायकांनी तसंही पुढून जायचं नसतं. आम्ही मागं गेलो, तिथंच भट्टी होती. वासानं आधी माझं डोकंच उठलं. आंबलेला गूळ, ओली राख आणि धूर. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण, त्यांत गुळाचं पाणी आणि बाभळीची साल. वर पिवळट फेस, आणि आतून सारखा बुडबुड आवाज. पलीकडे चुलाणावर तांब्याचा भला मोठा हंडा. त्याचं झाकण कणकेनं लिंपून बंद केलेलं. झाकणातून वेळूची एक लांब नळी निघालेली, तिला ओली फडकी गुंडाळलेली, आणि तिचं दुसरं टोक पाण्यात बसवलेल्या घागरीत. घागरीत दोऱ्याएवढी बारीक धार पडत होती. एवढ्याशा धारेसाठी एवढा खटाटोप, आणि एवढ्याशा धारेनं माझ्या संसाराची ही गत. माझ्या मनात आलं, एक लाथ घालावी त्या घागरीला.

दुकानदार चुलाणापुढं उकिडवा बसून आच बघत होता. पन्नाशीचा, हडकुळा माणूस. आत्याबाईंना बघून तो उठला, आणि त्याचा चेहरा पडला. तो मी नीट बघितला.

"आवं मावशी, तुमी? हितं कशापायी?"

"धाकल्याचा पेला न्ह्यायला आलोय," आत्याबाई म्हणाल्या.

त्यानं आधी घाम पुसला. मग म्हणाला, "व्हय. न्ह्या की. तुमी हितं सावलीला बसा, मी आत जाऊन घेऊन येतो."

"तू आनून दिलास तर रीत मोडली. मी उचलनार."

"मग फुडच्या बाजारी या. आता आच सोडून मला हलता येत न्हाई. जरा आच कमीजास्ती झाली की सगळं करपतंय."

"तू नगंस हलू. दार मला ठाव हाय."

तो आडवाच झाला. दाराच्या आणि आमच्या मधे उभा राहिला आणि काहीबाही सांगू लागला. आत अंधार आहे, उंबरा उंच आहे, तुम्हाला दिसत नाही, पडाल. लाकडं आत रचलीत, साप निघाला होता. एकातून एक. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सरळ सांगा की गिऱ्हाईक तुटतंय म्हणून जीव तुटतोय. माझी पोरगी ओढ्यात बुडत हुती, ठाव हाय का तुम्हांला?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत. "गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या, वैनी. आजपासनं त्यास्नी थेंब देनार न्हाई, भट्टीवर हात ठेवून सांगतो. पेला असू द्या तितंच. पर आता घरी जा. माजं ऐका."

गेलो असतो तर किती बरं झालं असतं. पण दादाला काय सांगायचं? की दुकानदारानं शब्द दिलाय? दारूच्या दुकानदाराच्या शब्दावर दादा थुंकलाही नसता. मला तो पेला हातात हवा होता. मी आत्याबाईंचा दंड धरला आणि त्याला बाजूला सारून आत शिरले.

खरंच अंधार होता. एका झरोक्यातून उजेडाची पट्टी समोरच्या भिंतीवर पडली होती, आणि तिथंच ती फळी. सागवानी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, छातीएवढ्या उंचीवर, हात लागून लागून काळी चकचकीत झालेली. तिच्यावर पेल्यांची रांग. पितळी, काशाचे, एखादा चांदीचासुद्धा. पालथेच जास्त होते, जुने, धूळ बसलेले. आत्याबाईंना जागा पाठ होती, सासऱ्यांच्या पेल्यापायी त्या पूर्वी इथं येऊन गेल्या होत्या. त्या डाव्या टोकाकडे वळल्या आणि फळीवर हात ठेवून पेले चाचपत निघाल्या.

आमच्या घरचे तीन पेले एकाच कासाराकडचे, एकसारखे, सासऱ्यांचं नाव कोरलेले. मला ते आधीच दिसले. पहिला सासऱ्यांचा, पालथा. तिसरा मालकांचा, उताणा, रोजच्या वापरानं घासलेला. आणि मधला पालथा होता.

आधी मला काही उमगलंच नाही. मी पुन्हा बघितलं. दोन पालथे, एक उताणा. मधला दिरांचा. आच सोडून हलता येत नाही म्हणणारा दुकानदार आमच्या मागून येऊन दारात उभा होता. मी वळून त्याच्याकडे बघितलं. त्यानं हात जोडले आणि नुसती मान हलवली, की बोलू नका. तेव्हा मला कळलं तो कशाला आडवा येत होता, आणि मी त्याला काय बोलून बसले.

आत्याबाईंची बोटं सरकत येत होती. दुसऱ्यांच्या घरचे पेले मागं पडले. सासऱ्यांच्या पेल्यावर हात थांबला, कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरला. "ह्ये तुजं मामंजी," त्या हळूच म्हणाल्या. मधला पेला सरळ करायचा, बस, एवढंच. त्यांना दिसत नाही, कळायचं नाही. मी हात पुढं केला, पेला धरला, उचलणार तोच त्यांचा हात माझ्या हातावर आला.

"कुनाचा हात?"

"माझा, आत्याबाई."

"काय करतीस?"

"काय न्हाई. पेला पडत हुता."

"फळीवरचा पेला पडत न्हाई. हात काढ."

मी हात काढला. दुसरं काय करणार होते? त्यांनी मधल्या पेल्याची वर आलेली बैठक चाचपली. मग तिसरा पेला चाचपला, त्यात बोट घातलं, बोटाचा वास घेतला. पुन्हा मधल्यावर हात आणला आणि तो तिथंच ठेवला. बाहेर रांजणांतली बुडबुड आतपर्यंत ऐकू येत होती.

"ह्यो कुनाचा?"

दुकानदार म्हणाला, "आवं मावशी, बसा जरा."

"कुनाचा इचारलं."

"थोरल्याचा."

"पालथा कुनी घातला?"

"धाकल्यानं." तो खाली बघत बोलत होता. "पलटनीतनं आला त्याच दिशी. घरला जायच्या आदी हितं आला, अंगावर डगला तसाच. पेला पालथा घातला आन म्हनला, ह्यात आता थेंब घालू नगा. आनखी काय बोलला न्हाई. म्या इचारलं न्हाई."

मला वाटलं आत्याबाई आता खाली बसतील, छाती बडवतील. त्यांना धरायला मी पुढं झाले. त्या बसल्या नाहीत. माझ्या मात्र अंगाची आग झाली. इतके महिने हा माणूस घरात जेवतो, झोपतो, आई वाटेकडे कान लावून बसते ते बघतो, भावजय बघतो, आणि मला, बायकोला, एक अक्षर नाही. मनात म्हटलं, घरी गेले की बघते याला. आणि तेवढ्यात मला आठवलं की तो घरी यायच्या आधी इथं आला होता. एकटा उभा राहून त्यानं हे केलं होतं, मी जिथं उभी होते तिथंच. माझा राग कुठं गेला कळलं नाही. रडू आलं.

आत्याबाईंनी तिसरा पेला उचलला. मला वाटलं पदरात बांधतील. त्यांनी तो पदरानं पुसला आणि जिथला तिथं उताणा ठेवला.

"ऱ्हाऊ दे ह्यो," त्या म्हणाल्या. "चल."

"आत्याबाई, उद्या दादा येनार हाय."

"ठाव हाय मला."

"माझ्या पोरीचं काय?"

"पोरगी आजपासनं माज्यापाशी. धाकल्याबरूबर जायची न्हाई." मग म्हणाल्या, "घरात त्याला बोलायला आपुन जागा ठेवली न्हाई. मीच न्हाई ठेवली. हितं तरी येऊ दे."

येताना त्या माझा दंड धरून होत्या, पण आता सगळं वजन माझ्यावर होतं.

मालक विहिरीवरच होते. बैल सोडून बांधावर बसले होते. लांबून आम्हाला त्या वाटेनं येताना बघितलं आणि उभे राहिले. आमच्या हातात काही नव्हतं. आम्ही कुठं जाऊन आलो आणि रिकाम्या हातानं का आलो, हे त्यांना सांगावं लागलं नाही. आत्याबाई जवळ गेल्या, लेकाच्या तोंडावरून हात फिरवला.

"एकट्यानं का रं वाहिलंस?" त्या म्हणाल्या.

मालकांनी डोक्याचा पटका काढून हातात धरला. मग म्हणाले, "जिता हुता आये. मी सोडला तवा जिता हुता. पोटात लागलं हुतं. मला म्हनला, बस जरा माज्यापाशी. वरनं हुकूम निघायचा. मी न्हाई बसलो."

आत्याबाई बांधावर बसल्या आणि हाताला धरून त्यांनाही खाली बसवलं. मी थोडी लांब उभी होते, जाऊ का थांबू ते कळत नव्हतं. उन्हं कलेपर्यंत दोघं तशीच बसली होती. उठताना आत्याबाई म्हणाल्या, "थोरलीला मी सांगीन. मला जमंल तवा. तवर कुनी तोंड उघडायचं न्हाई." हे आम्हा दोघांनाही होतं.

मंगळवारी दादा गाडी घेऊन आला. ओसरीवर मालक मान खाली घालून, आत्याबाई खांबाला टेकून. थोरली जाऊ दारात चहाचं भांडं घेऊन उभी होती.

"पेला आणला?" दादानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग आवर."

"मी येत नाही, दादा."

दादा म्हणाला, "अगं, कारण तरी सांग. कशाच्या जोरावर राहतीस?"

कारण होतं. जिभेवर होतं. पण जाऊ दारात उभी होती. मी म्हटलं, "नाही यायचं मला. कारण काही नाही." दादानं एकदा पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडी वळवली. चहा तसाच राहिला. त्यानंतर माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यापर्यंत माहेरचं कुणी माझ्या दारात आलं नाही. दादानं माझं नावच टाकलं. जिच्यासाठी गप्प बसले, तिला हे कळायचं नव्हतं, आणि दादालाही सांगायची सोय नव्हती.

मी चुलीपुढं येऊन बसले आणि रडत राहिले. थोरली जाऊ आली, माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. तिला वाटलं, मी नवऱ्याच्या दारूपायी आणि तुटलेल्या माहेरापायी रडतेय.

"गप," ती म्हणाली. "तू ऱ्हायलीस, लय चांगलं केलंस. आमचं मानूस येऊ दे. भावजी त्यांचा शबुद मोडत न्हाईत. एकदा ते आलं की दारू सुटलीच म्हनून समज. तवर दम धर."

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "व्हय."